राजिविल नेमके कोणाचे? काळा, तांबडा, पोरका आणि वाटणी टाळणारा एक कागद

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मार्च १९६२ मध्ये जॅकलिन केनेडी भारतात आल्या, तेव्हा सोबत त्यांची धाकटी बहीण ली होती आणि वर्तमानपत्रांनी तिला ‘प्रिन्सेस राजिविल’ म्हटलं. प्रश्नकर्ते पुढे पोलंड, लिथुआनिया आणि बेलारूस फिरून आले, तर जिथे तिथे हेच आडनाव. एका पाटीवर मिकोवाय राजिविल, दुसऱ्या पाटीवर मिकोवाय राजिविल, आणि दोन्ही चित्रांतली माणसं वेगळी. हे सगळे एकच घराणं का? पोलिश की लिथुआनियन? आणि आज त्यातलं काय उरलं आहे?

घराणं एकच. मूळ लिथुआनियन, बोलीभाषा चार-पाचशे वर्षं पोलिश, जमिनी बऱ्याचशा आजच्या बेलारूसमध्ये, आणि एक मोठी शाखा बर्लिनच्या दरबारात मुरलेली. ‘पोलिश की लिथुआनियन’ हा प्रश्न त्या लोकांना स्वतःला फारसा पडला नव्हता, कारण १५६९ ते १७९५ ही दोन राज्यं मिळून एकच संयुक्त राज्य होतं आणि राजिविल त्यात लिथुआनियाच्या बाजूचे सगळ्यात मोठे जमीनदार होते. पण एवढ्यावर उत्तर संपवलं तर पाट्यांचा गोंधळ सुटत नाही. वॉर्सात वीसेक वर्षं जुन्या पोलिश कागदपत्रांच्या भाषांतराचं काम करतोय, त्यात राजिविलांचे कागद वारंवार हाताखालून जातात. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी नावाचं. आपण ‘राजिविल’ लिहू, पण पोलिश माणसाच्या तोंडी ते ‘राजीविऊ’च्या जवळ जातं, शेवटचं अक्षर त्यांच्या लिपीत आडवी रेघ मारलेलं ‘ल’ असतं आणि त्याचा उच्चार ‘व’कडे झुकतो. लिथुआनियात हेच नाव ‘राद्विला’. बायकांच्या नावात आणखी एक गंमत आहे, ती कळली की निम्मी वंशावळ सुटते. पोलिशमध्ये लेकीचं आडनाव ‘राजिविलुव्ना’ होतं आणि सुनेचं ‘राजिविलोवा’. म्हणजे राणी बार्बरा राजिविलुव्ना ही घरात जन्मलेली, आणि नाटककार फ्रान्चिश्का उर्शुला राजिविलोवा ही लग्न होऊन आलेली. माहेर की सासर हे आडनावाच्या शेपटावरच लिहिलेलं. इंग्रजी पुस्तकांत ही शेपटं कापून टाकतात आणि मग लेकी-सुनांची सरमिसळ होते.

पुरुषांचा घोळ वेगळा. या घरात मिकोवाय, यान, येझी, क्शिश्तोफ, जानुश या चार-पाच नावांपलीकडे बारशाला काही सुचायचंच नाही की काय, असं वाटतं. म्हणून टोपणनावं आली. मिकोवाय ‘काळा’ (१५१५–१५६५) आणि मिकोवाय ‘तांबडा’ (१५१२–१५८४) हे सख्खे चुलतभाऊ. फरक केसादाढीच्या रंगाचा. काळ्याचा मुलगा मिकोवाय क्शिश्तोफ म्हणजे ‘शेरोत्का’, अर्थात पोरका. आईबाप असताना हा पोरका कसा, तर तान्हा असताना तो राजवाड्यात एकटाच रडत पडला होता, राजाने उचलून घेतलं आणि ‘अरे, पोरका बिचारा’ म्हणाला, ही घरात चालत आलेली कथा. तांबड्याचा मुलगा क्शिश्तोफ ‘प्योरुन’, म्हणजे वीज. लढाईत वेगाने तुटून पडायचा म्हणून.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. एका प्रदर्शनासाठी एका पत्राच्या नकलेचं भाषांतर करायचं होतं. तारीख फाटलेली, सही ‘मिकोवाय राजिविल, विल्नियसचा वोयेवोदा’. वोयेवोदा म्हणजे प्रांताचा सुभेदार म्हणा. मजकुराचा सूर पाहून मी खुशाल ‘काळा’ असं लिहून दिलं. पाटी छापून झाली. मग एका म्हाताऱ्या अभिलेखपालांनी शांतपणे विचारलं, सहीच्या वरची ओळ वाचलीस का? तिथे ‘बिर्झाई आणि दुबिंगियाईचा सरदार-राजा’ असं लिहिलेलं होतं. हा किताब तांबड्याच्या शाखेचा. काळ्याचा किताब ‘ओलिका आणि न्यास्विझ’चा. गंमत अशी की काळा १५६५ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी तीच सुभेदारी तांबड्याला मिळाली. नाव तेच, आडनाव तेच, हुद्दा तोच. त्यानंतर प्योरुन, आणि त्यानंतर १६०४ पासून शेरोत्का, म्हणजे पुन्हा एक मिकोवाय त्याच खुर्चीत. तेव्हापासून मी राजिविलचा कागद हातात आला की आधी गावाचं नाव शोधतो, माणसाचं नंतर. तुम्हीही पाटीवर ‘न्यास्विझ’ आहे की ‘बिर्झाई’ एवढं पाहिलंत तरी पुष्कळ कळेल.

मुळाची कथा लवकर आटोपतो. पुराण म्हणतं की विल्नियस शहर वसवण्याआधी महाराजाला स्वप्नात लोखंडी लांडगा दिसला, लिझ्देइका नावाच्या पुजाऱ्याने त्याचा अर्थ सांगून इथे शहर वसव असा सल्ला दिला, आणि पोलिशमध्ये सल्ला देणं म्हणजे ‘राजिच’, म्हणून वंश राजिविल. ऐकायला छान. प्रत्यक्षात क्रिस्तिन ओश्चिक नावाच्या लिथुआनियन सरदाराला पोलंड-लिथुआनियामधल्या १४१३ च्या होरोद्वो करारात पोलिश कुळाने आपल्या चिन्हात सामावून घेतलं. चांदीच्या रंगावर तीन काळी शिंगं, तेच आजही या घराचं चिन्ह. ओश्चिकच्या मुलाचं पाळण्यातलं नाव राद्विला, आणि नातवंडांनी आजाचं नव्हे तर बापाचं नाव आडनाव म्हणून लावलं. घराणं असं एका माणसाच्या पहिल्या नावावरून पडलं.

त्यांना ‘प्रिन्स’ म्हणतात ती पदवी मात्र पोलंडची नाही. पोलंडमध्ये उमराव म्हणजे श्लाख्ता. लोकसंख्येत शंभरात आठ-दहा माणसं या वर्गातली, आणि कायद्याने सगळे समान. एका बैलजोडीचा धनी आणि शंभर गावांचा धनी यांचं मत सभेत सारखंच मोजायचं, आणि म्हणून राजाने कोणाला वेगळी पदवी दिलेली तिथे खपत नसे. राजिविलांनी ती बाहेरून आणली. एका शाखेला १५१८ मध्ये आणि मग १५४७ मध्ये काळा, त्याचा भाऊ यान आणि तांबडा यांना जर्मन भूमीतल्या पवित्र रोमन सम्राटाकडून राजपद मिळालं. बाहेरची सनद आणून घरात मिरवायची ही सवय या घराला इथून लागली.

१५४७ हे वर्ष लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी तांबड्याची बहीण बार्बरा हिच्याशी युवराज झिग्मुंट आउगुस्टने गुपचूप लग्न केलं. ती विधवा, वय पंचविशीच्या आसपास, तोही विधुर. सासू बोना स्फोर्झा, इटलीची राजकन्या, हिला हे स्थळ मुळीच पसंत नव्हतं. थोरला राजा १५४८ मध्ये वारल्यावर लग्न जाहीर झालं आणि पोलिश सरदारांची सभा उसळली: आपल्या राजाने प्रजेतली बायको करायची? लग्न मोडा. राजा अडून बसला. ७ डिसेंबर १५५० ला बार्बराचा राज्याभिषेक झाला आणि ८ मे १५५१ ला ती आजाराने गेली. पाच महिन्यांची राणी. क्राकूवहून विल्नियसपर्यंत राजा शवपेटीबरोबर गेला. सासूने विष दिलं ही कुजबुज तेव्हापासून आहे. मला ती कधीच पटली नाही, पण पोलिश रंगभूमीला आणि चित्रकारांना तिने तीनशे वर्षं पोसलं आहे. १९३१ च्या पुरानंतर विल्नियसच्या कॅथेड्रलखालच्या तळघरात तिची शवपेटी सापडली.

प्रेमकथा खरी असेल, पण फायदा भावांचा झाला हेही खरं. काळा राज्याचा चान्सेलर झाला, विल्नियसचा सुभेदार झाला, आणि लिथुआनियाचे राज्यकागद आपल्या घरी सांभाळण्याचा अधिकार त्याला १५५१ मध्ये मिळाला. राज्याचं दप्तर एका घराच्या कपाटात! राजिविलांची सत्ता कशात होती असं कोणी विचारलं तर मी तलवारीआधी हे कपाट दाखवतो. काळा कॅल्विनपंथी, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचा, झाला होता. १५६३ मध्ये ब्रेस्त इथे पोलिशमधलं संपूर्ण बायबल त्याच्याच पैशाने छापलं गेलं. तांबडा सेनापती, १५६४ मध्ये उला नदीकाठी त्याने मॉस्कोच्या फौजेचा पराभव केला. १५६९ मध्ये लुब्लिनला दोन्ही राज्यांच्या एकत्रीकरणाची बोलणी चालू असताना लिथुआनियन सरदार रातोरात सभा सोडून निघून गेले, त्यांचा पुढारी तांबडाच. म्हणजे ज्याला आज आपण ‘पोलिश सरदार’ म्हणतो, तो पोलंडशी एक होण्याच्या विरोधात होता. एकत्रीकरण झालंच, आणि तांबड्याने पुढे हुद्दे मात्र सगळे घेतले.

आता मुख्य गोष्ट. राजिविलांसारखी श्रीमंत घराणी तिथे आणखीही होती. गाश्तोल्द होते, ज्यांच्या घरात बार्बराचं पहिलं लग्न झालं. आज त्यांचं नाव कोणाला माहीत आहे? पोलिश-लिथुआनियन रिवाज वाटणीचा. बाप गेला की मुलगे वाटणी करायचे, मुलींना हुंड्यात गावं जायची. तीन पिढ्यांत मोठ्या वाड्याचे दहा छोटे वाडे. काळ्याच्या मागे चार मुलगे. त्यातला येझी पाद्री होऊन पुढे कार्डिनल झाला. उरलेल्या तिघांनी, शेरोत्का, अल्ब्रेख्त आणि स्तानिस्वाव यांनी, १५८६ मध्ये एक करार केला आणि राजा स्तेफान बातोरीकडून मंजूर करून घेतला. याला ‘ओर्दिनात्स्या’ म्हणतात. न्यास्विझ शेरोत्काला, क्लेत्स्क अल्ब्रेख्तला, ओलिका स्तानिस्वावला. यापुढे या तीन मिळकती विकायच्या नाहीत, गहाण टाकायच्या नाहीत, तोडायच्या नाहीत. प्रत्येक ठिकाणी थोरला मुलगा एकटा वारस. मुलींना हुंडा मिळेल, जमीन नाही. आणि खरी मेख शेवटच्या कलमात: एखादी शाखा निर्वंश झाली तर तिची मिळकत उरलेल्या राजिविलांकडेच परत यायची, घराबाहेर जायची नाही.

हा कागद ३५३ वर्षं चालला. माझ्या मते राजिविल घराणं म्हणजे हा कागद. त्याने घर सांभाळलं, आणि त्यानेच पुढे ते विल्नियसहून बर्लिनला नेऊन ठेवलं. ते कसं, ते येईलच.

शेरोत्का हा माझा आवडता राजिविल. बाप कॅल्विनपंथी, पोरगा विशीच्या आत परत कॅथलिक. बापाने छापलेल्या बायबलच्या प्रती त्याने विकत घेऊन जाळल्या असं सांगतात. आजारपणात नवस बोलला म्हणून १५८२ मध्ये यात्रेला निघाला: जेरुसलेम, मग इजिप्त. तिथे त्याने दोन ममी विकत घेतल्या, औषध म्हणून तेव्हा युरोपात त्यांना मागणी होती. ममी तुकड्यांत बांधून जहाजावर चढवल्या आणि समुद्रात वादळ उठलं. सोबतच्या पाद्र्याला प्रार्थनेच्या वेळी एक बाई आणि एक पुरुष अशी दोन भुतं छळू लागली. शेवटी ममी समुद्रात फेकल्या, वादळ शमलं. हे कोणा भाटाचं नाही, त्याने स्वतःच्या प्रवासवर्णनात लिहिलेलं आहे, आणि भुतांबद्दल तो स्वतः जरा साशंकच दिसतो. परत आल्यावर न्यास्विझला बेर्नार्दोनी नावाच्या, कॅथलिकांच्या जेझुइट संघातल्या इटालियनाकडून चर्च बांधून घेतलं आणि त्याखाली घराण्याचं तळघर केलं. गेलात तर चर्चमध्ये त्याचं स्मारक जरूर पाहा. सेनापतींच्या, मंत्र्यांच्या घरातला हा माणूस चिलखत घालून उभा नाही. यात्रेकरूच्या साध्या कपड्यांत गुडघे टेकून बसला आहे. खाली तळघरात शवपेट्या ओळीने. लिथुआनियाचा १६१३ चा प्रसिद्ध नकाशाही याच्याच खर्चाने झाला.

तांबड्याच्या बिर्झाई शाखेकडे असा कागद नव्हता, आणि तिचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ही शाखा कॅल्विनपंथीच राहिली. प्योरुनचा नातू जानुश (१६१२–१६५५) लिथुआनियाचा सरसेनापती. १६५२ मध्ये सभेत एका सदस्याने एकट्याने ‘मला मान्य नाही’ म्हणून सभेचं सगळं काम बंद पाडलं. पुढे ज्या नकाराधिकाराने ते राज्य खिळखिळं केलं त्याची ही पहिली ठळक खेप, आणि तो सदस्य जानुशच्या गोटातला मानला जातो. १६५५ मध्ये एका बाजूने मॉस्कोची फौज विल्नियसमध्ये घुसली, दुसऱ्या बाजूने स्वीडन. जानुशने केदाइनियाईला स्वीडनशी करार करून लिथुआनिया पोलंडपासून तोडली. वर्ष संपायच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, तिकोचिनच्या किल्ल्यात वेढ्यात असताना तो मेला. पोलंडमध्ये तो आजही फितूर. एकोणिसाव्या शतकातल्या एका गाजलेल्या कादंबरीने त्याच्यावर ते शिक्कामोर्तब केलं. लिथुआनियात मात्र विचारलंत तर बरेच जण म्हणतील, तो आपला देश वाचवू पाहत होता. केदाइनियाईच्या चर्चखाली त्याची आणि आजोबा प्योरुनची शवपेटी आहे. मला विचाराल तर, देश वाचवायचा होता आणि स्वतःची गावंही. या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात वेगळ्या नव्हत्याच.

जानुशला मुलगा नव्हता. मिळकत घरात राहावी म्हणून चुलतभाऊ बोगुस्वावने जानुशच्याच मुलीशी लग्न केलं. तिला १६६७ मध्ये एक मुलगी झाली, आई बाळंतपणानंतर गेली, आणि दोन वर्षांनी बोगुस्वावही. सगळी मिळकत दोन वर्षांच्या लुद्विका कारोलिनाच्या नावावर. पोरीचं लग्न आधी ब्रांडेनबुर्गच्या राजपुत्राशी, तो गेल्यावर नॉयबुर्गच्या राजपुत्राशी. बिर्झाई, स्लुत्स्क आणि बाकी गावं जर्मन जावयाच्या घरात गेली, आणि पुढे अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांच्यावरून वाद, दावे आणि कर्ज चालू होतं. न्यास्विझवाल्यांनी ती हळूहळू परत मिळवली. क्लेत्स्क आणि ओलिकाच्या मूळ शाखाही तोवर संपल्या होत्या, पण तिथलं गाव बाहेर गेलं नाही. १५८६ च्या कलमाने ते न्यास्विझच्याच वंशात आणून सोडलं; क्लेत्स्कला त्यातलीच एक धाकटी शाखा बसली.

अशा रीतीने अठराव्या शतकात बरंचसं एका हातात आलं आणि मग काय, थाट! मिखाउ काझिमिएश (१७०२–१७६२) ज्याला त्याला ‘माझ्या मासोळी’ म्हणायचा, म्हणून त्याचं नावच ‘रिबेंको’. त्याच्या काळात सुरू झालेल्या विणकामशाळेतले स्लुत्स्कचे जरतारी कमरपट्टे आज संग्रहालयांत काचेआड आहेत. सोनेरी धाग्याचा तो रुंद पट्टा चार वेगळ्या रंगसंगतींत नेसता यायचा. एक बाजू लग्नाला, एक सुतकाला. मूळ तऱ्हा इराणी-तुर्की, पण पोलिश उमरावाच्या अंगावर तो इतका रुळला की आज तोच त्यांचा राष्ट्रीय पोशाख. रिबेंकोची बायको फ्रान्चिश्का उर्शुला हिने सोळा नाटकं लिहिली आणि न्यास्विझच्या वाड्यात घरच्याच माणसांना घेऊन १७४६ पासून केली. पोलिश भाषेतली पहिली स्त्री-नाटककार म्हणून तिचं नाव घेतात. तिची नवऱ्याला लिहिलेली पद्यातली पत्रंही आहेत. भाषांतरकाराच्या नजरेतून सांगतो, नाटकांपेक्षा पत्रं जास्त जिवंत आहेत.

त्यांचा मुलगा कारोल स्तानिस्वाव (१७३४–१७९०) म्हणजे ‘पानिए कोहांकू’, ‘लाडक्या साहेबा’. हे त्याचं तोंडी लागलेलं पालुपद. याच्या थापा आजही पोलंडमध्ये सांगतात: जलपरीशी लग्न केलं आणि हेरिंग मासे जन्माला आले वगैरे. भर उन्हाळ्यात रस्त्यावर मीठ पसरून त्यावरून घसरगाडी हाकली, हीही कथा. माणूस विनोदी होता पण राजकारण विनोदी नव्हतं. १७६४ मध्ये पोन्यातोव्स्की राजा निवडून येण्याला त्याने शस्त्र घेऊन विरोध केला, मिळकत जप्त झाली, परागंदा झाला. परत आला, पुन्हा बंडात पडला, पुन्हा परागंदा. परदेशात असताना रशियाच्या तख्तावर हक्क सांगणाऱ्या एका तोतया राजकन्येला काही दिवस त्याने हाताशी धरलं. ती बिचारी पीटर्सबर्गच्या किल्ल्यात कैदेत मेली, हा सुखरूप घरी आला. आणि १७८४ मध्ये त्याच नावडत्या पोन्यातोव्स्की राजाला न्यास्विझला बोलावून असा पाहुणचार केला की राजाला आपली गरिबी कळावी.

१७९५ ला शेजारच्या राज्यांनी वाटून घेतल्यावर पोलंड नकाशावरून गेला. न्यास्विझ रशियात. तरुण वारस दोमिनिक नेपोलियनकडे गेला आणि १८१३ मध्ये हानाऊच्या लढाईत जखमी होऊन मेला. आता पुन्हा तो कागद बाहेर आला. दोमिनिकला एक मुलगा होता, पण तो आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेला. ओर्दिनात्स्याने त्याला नाकारलं. मुलगी स्तेफानिया होती, पण मुलीला ओर्दिनात्स्या मिळत नाही. तेव्हा मिळकतीचे दोन भाग झाले. ओर्दिनात्स्याबाहेरच्या मोकळ्या जमिनी स्तेफानियाला मिळाल्या. ती विट्गेनश्टाइन घराण्यात गेली, बावीस-तेविसाव्या वर्षी वारली, आणि तिच्या मुलीमार्फत त्या अफाट जमिनी होहेनलोहे या जर्मन घराकडे गेल्या; तिचा तो जावई पुढे जर्मनीचा चान्सेलर झाला. मीर इथला प्रसिद्ध किल्ला असाच राजिविलांच्या हातून सुटला. न्यास्विझ मात्र कलमाप्रमाणे जवळच्या पुरुष वारसाला, आणि तो निघाला बर्लिनमध्ये: क्लेत्स्क शाखेतला आंतोनी हेन्रिक, प्रशियाच्या राजघराण्याचा जावई. ज्याच्या आजोबाला नातलगांनी वेडा ठरवून कोंडून ठेवलं होतं, त्याच्या हाती थोरली गादी आली.

आंतोनीची बायको लुइझा ही फ्रेडरिक द ग्रेटची पुतणी. १८१५ पासून तो पोझनानचा राज्यप्रतिनिधी होता: प्रशियाच्या राजाचा माणूस आणि पोलिश लोकांचं समाधान, दोन्ही भूमिका एकाच अंगरख्यात. जीव मात्र संगीतात. चेलो वाजवायचा, गोएथेच्या ‘फाउस्ट’ला त्याने संगीत दिलं. आंतोनिन इथे त्याची लाकडी शिकारकोठी आहे. मधोमध छताला भिडणारा चुलीचा खांब, त्यावर हरणांची शिंगं. १८२९ मध्ये एकोणीस वर्षांचा संगीतकार शोपँ तिथे येऊन राहिला, मुलगी वांदाला पियानो शिकवला आणि बापलेकीने मिळून वाजवावी म्हणून चेलो-पियानोची एक पोलोनेझ, म्हणजे पोलिश नाचाच्या चालीवरची रचना, लिहून दिली.

याच आंतोनीची दुसरी मुलगी एलिझा. प्रशियाचा राजपुत्र विल्हेल्म तिच्या प्रेमात पडला. वकील आणि वंशावळकार कामाला लागले: राजिविल हे राजघराण्याच्या बरोबरीचे का? कागद तपासले गेले, दत्तकाचा मार्ग चाचपून झाला, आणि १८२६ मध्ये राजाने नाही म्हटलं. एलिझा १८३४ मध्ये क्षयाने गेली. विल्हेल्म पुढे जर्मनीचा पहिला सम्राट झाला. बार्बराच्या वेळी पोलिश सभा म्हणाली होती, प्रजेतली पोर राणी कशी. पावणेतीनशे वर्षांनी बर्लिनही तेच म्हणालं.

त्या बर्लिनच्या घराचं पुढे काय झालं पाहा. विल्हेल्मश्ट्रासवरचा राजिविलांचा वाडा १८७५ मध्ये जर्मन सरकारने विकत घेतला. बिस्मार्कचं चान्सेलर-कार्यालय तिथे आलं, १८७८ ची बर्लिन परिषद तिथेच भरली. वॉर्सातला त्यांचा वाडा त्याआधीच, १८१८ मध्ये, सरकारकडे गेला होता. १९५५ मध्ये सोव्हिएत गटाच्या लष्करी वॉर्सा करारावर सह्या तिथे झाल्या, १९८९ मध्ये कम्युनिस्ट आणि सॉलिडॅरिटी ही विरोधी कामगार संघटना गोलमेजाभोवती तिथे बसले, आणि आज तो पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांचा अधिकृत वाडा आहे. एकाच घराचे दोन वाडे, दोन शत्रुराष्ट्रांची सरकारं. माणसांचंही तसंच. १८७० मध्ये एम्स इथे प्रशियाच्या राजाने फ्रेंच वकिलाला ‘आणखी बोलण्यासारखं काही नाही’ असा निरोप धाडला, आणि त्यातून फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं. तो निरोप घेऊन गेलेला अंगरक्षक अधिकारी म्हणजे आंतोनीचा नातू आंतोनी राजिविल. त्याचाच चुलतभाऊ फेर्दिनांद जर्मन संसदेत पोलिश सदस्यांचा पुढारी होता आणि १९१९ मध्ये स्वतंत्र पोलंडच्या पहिल्या संसदेची बैठक ज्येष्ठ सदस्य म्हणून त्याने उघडली. वय चौऱ्याऐंशी.

स्वतंत्र पोलंडने १९२१ च्या राज्यघटनेत कुळाच्या पदव्यांची मान्यता काढली. जमिनी मात्र राहिल्या, १७ सप्टेंबर १९३९ पर्यंत. त्या दिवशी सोव्हिएत फौज पूर्वेकडून आत आली. न्यास्विझ, क्लेत्स्क, ओलिका तिन्ही गेली आणि शेरोत्काचा कागद संपला. त्याच भागातून १९४० मध्ये साध्या शेतकऱ्यांना, शिक्षकांना, शिपायांच्या बायकामुलांना मालगाड्यांत भरून सायबेरियाकडे नेलं. त्यातली वाचलेली काही हजार माणसं १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत येऊन राहिली, हे आपल्याकडे ठाऊक आहे. मालकाचं नशीबही फार वेगळं नव्हतं. फेर्दिनांदचा मुलगा जानुश याला १९३९ मध्ये पकडून मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात नेलं, सोडलं. १९४४ मध्ये जर्मनांनी पकडलं. १९४५ मध्ये पुन्हा सोव्हिएतांनी, या वेळी बायकोसह. बायको आन्ना १९४७ मध्ये क्रास्नोगोर्स्कच्या छावणीतच वारली. जानुश परतला तो वॉर्सातल्या छोट्या फ्लॅटमध्ये. त्याचा निएबोरूवचा महाल तोवर संग्रहालय झाला होता. आजही आहे, शेजारच्या आर्कादिया बागेसह पाहून या.

आणि काय उरलं? न्यास्विझचा किल्ला सोव्हिएत काळात आरोग्यधाम होता, २००२ मध्ये आग लागली, दुरुस्त होऊन २०१२ मध्ये पुन्हा उघडला. जागतिक वारसा यादीत तो २००५ पासून आहे. काळ्याला सांभाळायला दिलेल्या कपाटातले आणि घराचे कागद, पुस्तकं आज पोलंड, बेलारूस, लिथुआनिया, युक्रेन, रशिया आणि फिनलंड या सहा देशांत विखुरलेत. २००९ मध्ये सहाही देशांची नावं एकत्र घालून ते युनेस्कोच्या स्मृती-नोंदवहीत घातले गेले. वाटणी होऊ नये म्हणून एवढा आटापिटा केलेल्या घराच्या कागदांचीच वाटणी झाली.

राहिली ली. तिचा नवरा स्तानिस्वाव अल्ब्रेख्त, ‘स्ताश’, हा याच जानुश आणि आन्नाचा धाकटा मुलगा. युद्धानंतर लंडनला गेला, व्यवसायात जम बसवला, १९५९ मध्ये लीशी लग्न केलं. १९६० च्या निवडणुकीत साडू जॉन केनेडीसाठी अमेरिकेतल्या पोलिश मतदारांपुढे भाषणं करत फिरला. म्हणजे १९६२ मध्ये आंबेरच्या किल्ल्यावर हत्तीवर बसलेली ती बाई राजिविलोवा, सून. राजिविलुव्ना नव्हे. स्ताश १९७६ मध्ये वारला. इंग्लंडमध्ये फॉली कोर्ट इथे त्याने आईच्या आठवणीसाठी संत आन्नाचं चर्च बांधलं होतं, त्याच्याच तळघरात त्याला ठेवलं आहे.